मुठेच्या माशांची नावे लिहून ठेवणारे सायक्स साहेब



या वेळी प्रत्येकाने एका थोर माणसाची माहिती लिहायची असे बाईंनी सांगितले होते. पुष्कळ मुलांनी शिवाजी महाराज, सावित्रीबाई आणि लोकमान्य टिळक घेतले. मी ज्यांची माहिती लिहिणार आहे, त्यांचे नाव आमच्या वर्गात कोणीच ऐकले नव्हते. मी पण ऐकले नव्हते. पण पक्ष्यांचा आणि माशांचा अभ्यास करणारे लोक त्यांना जगभर ओळखतात. त्यांचे नाव कर्नल विल्यम हेन्री सायक्स. मी त्यांनाच का निवडले ते आधी सांगते.

तुम्हाला माहीतच आहे की आम्ही भोई आहोत. माझे आबा आणि दादा धरणाच्या पाण्यात जाळे टाकतात. मागच्या वर्षी गणपती उठल्यावर दादांच्या जाळ्यात सात-आठ चपटे मासे आले. वरून चांदीसारखे आणि पोटाला लाल. दादांनी ते मरळ आणि शिंगाड्याबरोबर पाटीत घालून बाजारात नेले. मी पण गेले होते. तिथं एका माणसाने मोबाईल काढला आणि सगळ्यांना एक चित्र दाखवलं. हा पिरान्हा आहे, हा माणसं खातो, असे तो मोठ्याने सांगायला लागला. मग काय, बघायला गर्दी झाली पण घ्यायला कोणीच येईना. मरळ सुद्धा कोणी घेतली नाही, कारण ती त्याच पाटीत होती. संध्याकाळी भरलेली पाटी तशीच घरी आली. दादा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेत मुले मला पिरान्हावाली म्हणाली. मला फार रडू आले.

आईने त्या लाल पोटाच्या माशाचे कालवण केले. आम्ही सगळ्यांनी खाल्ले. माणसे खाणारा मासा म्हणे, आणि आम्हीच त्याला खाल्ला!

बाईंना हे समजले तेव्हा त्यांनी मला त्या माशाचा जबडा धुऊन शाळेत आणायला सांगितला. आम्ही सर्वांनी तो हातात घेऊन बघितला. त्याचे दात चौकोनी होते, आपल्या दाढांसारखे. बाई म्हणाल्या की हा रूपचंद मासा. हा दक्षिण अमेरिकेतला. तिथे तो पाण्यात पडलेली फळे आणि बिया फोडून खातो, म्हणून त्याला दाढा. आपल्याकडे लोक त्याला तळ्यात पाळतात आणि पुरात तो तळ्यातून निसटून नदीत येतो. तो पिरान्हाचा भाऊबंद आहे, पण पिरान्हा नाही. खऱ्या पिरान्हाचे दात तिकोनी असतात. करवतीसारखे एकात एक बसतात आणि त्याचा खालचा जबडा पुढे आलेला असतो.

मग बाईंनी खऱ्या पिरान्हाची पण माहिती दिली. तो ॲमेझॉन, ओरिनोको अशा मोठ्या नद्यांत राहतो. लाल पोटाचा पिरान्हा साधारण फूटभर वाढतो. लहानपणी तो पाण्यातले किडे आणि झिंगे खातो, दुसऱ्या माशांचे पर कुरतडतो. मोठा झाला की मासे खातो, मेलेली जनावरे खातो, आणि बिया नि पाला पण खातो. सकाळी आणि तिन्हीसांजेला तो जास्त खातो. ते थव्याने फिरतात, पण ते शिकारीसाठी नाही. मगरी, पाणकावळे, नदीतले डॉल्फिन आणि मोठे मासे त्यांना खातात. त्या भीतीनेच ते एकमेकांना धरून असतात. शास्त्रज्ञांनी बघितले की एकटा पिरान्हा जास्त घाबरतो. त्याला हाताने उचलले की तो भुंकल्यासारखा आवाज पण काढतो. तो आपल्या अंड्यांची राखण करतो, आणि तेव्हा कोणी जवळ गेले तर चावतो. उन्हाळ्यात पाणी आटून मासे डबक्यात अडकले, भूक लागली, तर तेव्हा पण चावतो. पण त्या नद्यांच्या काठचे लोक रोज पाण्यात उतरतात, धुणी धुतात, पोहतात.

रूझवेल्ट नावाचे अमेरिकेचे माजी अध्यक्ष १९१३-१४ साली ब्राझीलच्या जंगलातून फिरले. त्यांनी १९१४ साली पुस्तक लिहिले आणि त्यात पिरान्हाला फारच भयंकर ठरवले. तेव्हापासून जगभर त्याची भीती बसली. ती भीती फिरत फिरत आमच्या बाजारात आली आणि दादांच्या पाटीत बसली.

मी बाईंना विचारले, कुठला मासा कोणता हे ठरवतं कोण? आबांना तर सगळ्या माशांची नावे येतात, पण ती कुठे लिहिलेली आहेत का? तेव्हा बाई म्हणाल्या, आहेत. दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज साहेबांनी लिहून ठेवली आहेत. तेच हे सायक्स साहेब. बाईंनी मला त्यांच्याविषयीची पाने झेरॉक्स करून दिली.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला कर्वेनगरात आत्याकडे गेले. तिथे माझ्या आतेभावाने, तो कॉलेजात आहे, ती पाने मला मराठीत समजावून सांगितली. सायक्स साहेबांच्या पुस्तकातली माशांची जुनी चित्रे पण दाखवली. आता साहेबांची गोष्ट सांगते.

विल्यम सायक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडात यॉर्कशायर भागात झाला. तेव्हा पुण्यात सवाई माधवराव पेशवे होते. १८०३ साली, फक्त तेरा वर्षांचे असताना, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात उमेदवार म्हणून दाखल झाले. तेरा वर्षे म्हणजे आपल्या शाळेतून गेलेल्या सातवी-आठवीच्या मुलांएवढे. पुढच्याच वर्षी ते मुंबईच्या फौजेत अधिकारी झाले. १८०५ साली भरतपूरच्या वेढ्यात ते लढले.

त्यांनी एक गोष्ट मात्र फार चांगली केली. ते हिंदुस्तानी आणि मराठी शिकले. १८१० साली त्यांनी दोन्ही भाषांची दुभाष्याची परीक्षा दिली आणि ते पास झाले. हे वाचून मला आश्चर्य वाटले. आपल्याला इंग्रजी शिकायचा कंटाळा येतो, आणि तो साहेब मराठी शिकला. पुढे हीच मराठी त्यांच्या उपयोगी पडली.

आता एक वाईट गोष्ट पण सांगायला पाहिजे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. एका बाजूला पेशव्यांची फौज होती आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजांची. सायक्स साहेब इंग्रजांच्या बाजूने लढले. त्या लढाईनंतर पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले. हे वाचले तेव्हा मला वाटले की यांची माहिती लिहूच नये. मी बाईंना तसे सांगितले. बाई म्हणाल्या की माणसाचे चांगले आणि वाईट दोन्ही लिहावे, आणि मग वाचणाऱ्याला ठरवू द्यावे. म्हणून मी दोन्ही लिहिते आहे.

१८२० साली साहेब विलायतेला परत गेले आणि चार वर्षे युरोपात फिरले. १८२४ साली ते पुन्हा आले. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन साहेब होते. त्यांनी सायक्स साहेबांना एक नवे काम दिले. दख्खनमध्ये काय काय आहे त्याची मोजणी करायची. गावे किती, माणसे किती, जमीन कशी, पिके कोणती, पाऊस-पाणी कसे, हे सगळे मोजायचे आणि लिहायचे. कंपनी सरकारला शेतसारा वसूल करायचा होता, म्हणून त्यांना ही मोजणी पाहिजे होती. ती काही आपल्यावरच्या प्रेमाने केलेली नव्हती.

पण सायक्स साहेब नुसता सारा मोजून थांबले नाहीत. ते गावोगाव हिंडले. ऊन किती पडते, हवेचा दाब किती, हे यंत्राने मोजून लिहिले. पक्षी बघितले, जनावरे बघितली, आणि नदीवर जाऊन मासे बघितले. कुठल्या प्राण्याला इथले लोक काय म्हणतात ते विचारले. आपल्या डोंगरातल्या रानकुत्र्याला, म्हणजे कोळसुंद्याला, त्यांनी शास्त्रातले नाव दिले. त्या नावात दख्खन हा शब्द आहे. पक्ष्यांची त्यांनी दोनशेहून मोठी यादी केली आणि ती १८३२ साली छापली. माळावरच्या एका चंडोलाला आजसुद्धा सायक्सचा चंडोल म्हणतात.

१८२९ च्या डिसेंबरात सरकारने ती मोजणीची कचेरीच बंद केली. दुसरा कोणी असता तर घरी गेला असता. पण साहेबांचे काम अर्धे राहिले होते. त्यांनी लष्कराच्या कामातून सुट्टी घेतली आणि ते काम चालू ठेवले. जानेवारी १८३१ मध्ये ते पुरे केले. मला त्यांची ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडली. माझा गृहपाठ अर्धा राहिला आणि घंटा झाली, तर मी वही मिटते.

नंतर ते विलायतेला गेले आणि १८३३ साली कर्नल म्हणून निवृत्त झाले. पण दख्खनचे मासे ते विसरले नाहीत. १८३९ साली लंडनच्या प्राणिशास्त्राच्या सभेने त्यांची माशांची माहिती छापली, आणि १८४१ साली ती चित्रांसकट पुन्हा आली. त्यात चाळीसहून जास्त मासे आहेत. पुष्कळ मासे असे होते की शास्त्राला ते माहीतच नव्हते. भीमा, इंद्रायणी, मुळा-मुठा या आपल्या नद्यांतले ते मासे. साहेबांनी मुळा-मुठेचे नाव मोटा मोला असे लिहिले आहे. ते वाचून मी आणि आतेभाऊ पोट धरून हसलो.

पण हसता हसता मी एकदम गप्प झाले. कारण पुढच्या पानावर माशांची नावे होती. आतेभाऊ ती इंग्रजी अक्षरे वाचून दाखवत होता आणि मला ती सगळी कळत होती. खुद्री. कोळस. मल्या. नकटा. शिंघाळा. शिंगटी. ही तर आबांच्या तोंडातली नावे! साहेबांनी आपल्या भोई-कोळ्यांना विचारून हीच नावे माशांना शास्त्रात दिली. आज अमेरिकेत किंवा जपानात कोणी शास्त्रज्ञ या माशांविषयी लिहितो, तेव्हा त्याला मल्या आणि नकटा असेच लिहावे लागते.

मी लगेच फोन लावून आबांना ती नावे वाचून दाखवली. आबांनी प्रत्येक मासा कुठे राहतो आणि काय खातो ते सांगितले. ते मी वहीत उतरवले आणि आतेभावाने पुस्तकाशी ताडून बघितले. त्यातले थोडे इथे देते.

मल्या हा बोटाएवढा मासा. त्याच्या तोंडाखाली चकतीसारखा ओठ असतो. त्याने तो वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. नकट्याच्या नाकावर खोल खाच असते, म्हणून तो नकटा. आता तो फार थोड्या ठिकाणी उरला आहे. खुद्री हा मोठ्या खवल्यांचा मासा, तो पाण्यात पडलेली फळे, किडे, शंख-शिंपले, लहान मासे असे सगळे खातो. शिंघाळ्याला म्हणजे आपल्या शिंगाड्याला लांब मिशा असतात. तो तळाशी फिरतो आणि लहान मासे, झिंगे आणि किडे खातो. आणखी एक फार मोठा, खडबडीत कातडीचा मासा साहेबांना पुण्याच्या नदीत मिळाला. तो जोराच्या धारेत खडकांच्या मध्ये दबा धरून बसतो आणि समोरून जाणारा मासा गिळतो. म्हणजे आपल्या नदीत पण शिकारी मासे होतेच की! पण त्यांना कोणी राक्षस म्हटले नाही, कारण लोक त्यांना ओळखत होते.

मरळ तर सर्वांना माहीत आहे. ती मासे, बेडूक आणि किडे खाते. पिल्ले झाली की आईबाप दोघेही त्यांची राखण करतात. तेव्हा कोणी पाण्यात हात घातला तर मरळ अंगावर येते. मला वाटते पिरान्हा पण आपल्या मरळीसारखाच आहे. पोटासाठी खातो आणि पोरांसाठी चावतो.

त्या खडकात बसणाऱ्या मोठ्या माशाला मात्र साहेबांनी आपले नाव दिले नाही. यॅरेल नावाच्या एका इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाचे नाव दिले. आणखी काही माशांना ओवेन, ओगिल्बी अशा साहेबांची नावे आहेत. त्या साहेबांची नावे माशांबरोबर कायमची राहिली. पण ज्या भोयांनी गार पाण्यात उभे राहून ते मासे धरले आणि त्यांची नावे सांगितली, त्यांची नावे माशांना नाहीत. मला याचे वाईट वाटले. कदाचित त्यांच्यात माझ्या आबांच्या आबांचे आबा असतील. ते आता कसे कळणार?

सायक्स साहेब नंतर खूप मोठे झाले. १८५६ साली ते ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष झाले. १८५७ साली ॲबरडीन गावातून इंग्लंडच्या लोकसभेत निवडून गेले. आकडेवारीचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या संस्थेचे ते १८६३ साली अध्यक्ष झाले. १६ जून १८७२ रोजी, ८२ वर्षांचे असताना, ते लंडनमध्ये वारले.

आत्याचे घर कर्वेनगरात नदीपासून जवळ आहे. या भागाचे जुने नाव हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी इथे विधवा स्त्रियांसाठी आश्रम चालवला. त्यांची झोपडी अजून जपून ठेवली आहे. त्यांच्या नावावरून या भागाला कर्वेनगर म्हणतात. महर्षी कर्वे यांचा जन्म १८५८ सालचा. आतेभावाने मला एक गंमत सांगितली. लाल पोटाच्या पिरान्हाला शास्त्रातले नाव मिळाले ते पण १८५८ सालीच. क्नेर नावाच्या शास्त्रज्ञांनी ते दिले. आमच्या मुठेच्या मल्याला तर त्याच्या एकोणीस वर्षे आधी नाव मिळाले होते!

एके दिवशी आम्ही राजाराम पुलावर जाऊन नदी बघितली. पलीकडे विठ्ठलवाडीचे देऊळ दिसत होते. पाणी काळे होते, वास येत होता. आबा सांगतात की त्यांच्या लहानपणी हिंगण्याला नदीच्या तळाचे दगड दिसायचे आणि दगडांना मल्या चिकटलेले असायचे. आता दगडच दिसत नाहीत तर मल्या शेवाळ कुठले खाणार? पुण्यातल्या अभ्यासकांनी या नदीतले मासे पुन्हा मोजले, तेव्हा जुन्या यादीतले कित्येक मासे त्यांना मिळालेच नाहीत. धरणे झाली, शहराचे सांडपाणी आले, आणि चिलापीसारखे बाहेरचे मासे वाढले. साहेबांनी यादी केली म्हणून तर आपल्याला समजते की काय काय होते आणि काय गेले. यादी नसती तर गेलेले कोणी शोधले पण नसते.

सुट्टी संपल्यावर मी घरी आले आणि आबांना ती जुनी चित्रे कागदावर छापून दाखवली. आबांना वाचता येत नाही. पण चित्र बघून ते एकेक नाव सांगत गेले. नकट्याच्या चित्रावर त्यांनी खूप वेळ बोट ठेवले. तो मासा त्यांनी किती वर्षांत बघितला नाही ते त्यांना आठवेना.

दादा आता बाजारात रूपचंद नेतात तेव्हा पाटीच्या कडेला पानावर तो धुतलेला जबडा ठेवतात. कोणी पिरान्हा म्हटले की दादा काही बोलत नाहीत, नुसता जबडा पुढे करतात. लोक हातात घेऊन चौकोनी दात बघतात, हसतात, आणि काही जण मासा घेतात. मोबाईल दाखवणारा तो माणूस परवा आला होता. त्याने जबडा उलटा-सुलटा करून बघितला. मग अर्धा किलो मरळ घेतली आणि गेला.

सायक्स साहेब आपल्या विरुद्ध लढले हे मी विसरणार नाही. पण त्यांच्याकडून मी एक गोष्ट शिकले. ऐकले त्यावर लगेच विश्वास ठेवू नये. जवळ जाऊन बघावे, ज्याला माहीत आहे त्याला विचारावे, आणि लिहून ठेवावे. साहेबांनी विचारले, पण सांगणाऱ्यांची नावे माशांना दिली नाहीत. आपण त्यांच्यापेक्षा एक पाऊल पुढे जाऊ.

म्हणून या लेखाच्या शेजारी बाईंनी एक मोठा कागद लावला आहे. त्यावर आपल्या गावच्या बावीस माशांची नावे आहेत आणि पुढे तो मासा काय खातो ते लिहिले आहे. तिसऱ्या रकान्यात नाव सांगणाऱ्याचे नाव आहे. बावीसच्या बावीस ठिकाणी सध्या माझ्या आबांचेच नाव आहे. खाली दहा ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. पालकांनो, तुम्हाला यात नसलेला एखादा मासा माहीत असेल तर कृपा करून बाईंना किंवा मला सांगा. पेन्सिल दोरीला बांधून ठेवली आहे. तुमचे नाव पण लिहायला विसरू नका.